पुढे अठरा, मागे अठ्ठावीस

मी आजवर बरंच लिहिलं, पण लोकांनी शब्दशः पाळलेला माझा मजकूर एकच. तो दोन ओळींचा होता आणि चुकीचा होता. भाईंदरला एका गॅरेजातल्या लाकडी फळीवर तो चार खिळे ठोकून लावला होता. तिथे तो तीन महिने होता, आणि त्या तीन महिन्यांत एका माणसाची नोकरी जवळजवळ गेली.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी भाईंदरच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत होतो. मी अजून कायम झालो नव्हतो, म्हणजे दर वर्षी जूनमध्ये मला पुन्हा नेमायचं की रत्नागिरीला परत पाठवायचं, हे शाळा समिती ठरवत असे. समितीचे अध्यक्ष मिठागरांचे मालक होते. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणत असे. शेठ वाईट नव्हते. त्यांना समारंभ लागत, एवढंच. शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ आला तेव्हा त्यांनी नळाला फीत बांधून ती कापली. हार झाले, दोन भाषणं झाली. पाणी पुढच्या आठवड्यात आलं.

त्याच शेठनी एक गाडी घेतली. मुंबईतल्या एका परदेशी कंपनीचा साहेब मायदेशी परत चालला होता, त्याची. गडद निळा रंग, दोनच दारं, आणि मागची काच छपरापासून शेपटीपर्यंत अशी उतरत गेलेली, की उभी असतानाही ती गाडी निघून चालल्यासारखी वाटे. पुढे दोन माणसं ऐसपैस बसत. मागच्या सीटवर दोन लहान मुलं किंवा एक नाराज मोठा माणूस मावे. अशा गाडीला कूपे म्हणतात, ही माहिती मीच पुरवली, आणि त्यानंतर शेठ 'गाडी काढ' असं कधीच म्हणाले नाहीत. 'कूपे काढ' म्हणत. शेठचा देह भारदस्त होता आणि गाडी बुटकी. ते तिच्यात बसत नसत, शिरत असत, आणि बाहेर येताना दोघांना हात द्यावा लागे. पण आत असले की ऐट पूर्ण.

ती चालवायला त्यांनी आपल्या लॉरीवरचा जुना ड्रायव्हर लावला. तो जवळच्या मुर्धा गावचा. मी त्याला काका म्हणत असे. काका तरुणपणी शेठच्या वडिलांची मिठाची बैलगाडी हाकत, मग वीसेक वर्षं लॉरी. साठीला टेकले होते. शेठनी त्यांच्यासाठी पांढरा कोट शिवून घेतला, पितळी बटणांचा, आणि वर टोपी. त्या पोशाखात काका एखाद्या बँडपथकातून चुकून बाहेर आलेल्या माणसासारखे दिसत, आणि ते त्यांना कळत होतं.

गाडी आली त्या दिवशी मी तिथे होतो. काकांनी दार उघडलं नाही की हॉर्न वाजवला नाही. ते पुढे गेले, वाकले, पुढच्या बंपरला दोन्ही हात घालून गाडी जराशी वर उचलून पाहिली. मग मागे जाऊन तसंच केलं. पुढून ती सहज हलली, मागून ढिम्म. काका उभे राहिले.

"शेठ, ही उलाळ हाय."

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की पुढची दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं आणि गाडी बैलांचं ऐकत नाही. अशा गाडीला उलाळ म्हणतात. मिठाची गोणी कुठे ठेवायची ते म्हणूनच गाडीवान दांडी एका हाताने उचलून ठरवत. काका वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सवयीने तेच करत होते.

"काका, ही बैलगाडी नाय," शेठ म्हणाले. "विलायती इंजिनियरने बनवलीय. त्याला काय समजत नसेल?"

जमलेले लोक हसले. मीही हसलो. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिन नव्हतं, नुसती सामानाची जागा आणि जादा चाक. इंजिन मागे होतं. म्हणजे वजन मागे होतं. म्हणजे काकांनी जे दोन हातांनी सांगितलं ते बरोबर होतं. पण ते बैलगाडीच्या शब्दांत सांगितलं, म्हणून कोणी ऐकलं नाही.

गाडीबरोबर साहेबाने इंग्रजी माहितीपुस्तक दिलं होतं. शेठनी ते माझ्या हातात ठेवलं. "मास्तर, हे सगळं मराठीत लिहून द्या. मोठं अक्षर काढा. काकाला वाचता आलं पाहिजे. घाई नाय, पण तेल आणि हवा आधी द्या."

म्हणून मी पुस्तक सुरुवातीपासून न वाचता मधलं एक पान उघडलं. त्यात तक्ता होता. टायरमधली हवा: पुढे अठरा पौंड, मागे अठ्ठावीस.

मला छापखान्याच्या चुका शोधायचा नाद होता. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात मी तीन चुका शोधल्या होत्या आणि त्याबद्दल वर पत्रं पाठवली होती. त्यांची उत्तरं आली नव्हती, त्यामुळे त्या चुकाच आहेत याची मला खात्री पटली होती. हा तक्ता पाहिला आणि माझं नाक हललं. पुढची चाकं वळतात, दिशा देतात, काम तीच करतात. मागची नुसती मागून येतात. मग पुढे हवा कमी कशी? शिवाय फरक केवढा, दहा पौंडांचा! छापखान्यात ज्याने कोणी शिशाची अक्षरं जुळवली त्याने पुढचा आकडा मागे आणि मागचा पुढे घातला असणार. मी मराठी कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: पुढच्या चाकांत अठ्ठावीस. मागच्या चाकांत अठरा. खाली शंकाही नोंदवली नाही. शंका नोंदवली असती तर आपण दुरुस्ती केली हे कबूल करावं लागलं असतं, आणि खरा विद्वान दुरुस्ती अशी करतो की ती कोणाला दिसू नये.

मी तोवर एकदाही मोटार चालवली नव्हती. त्या गाडीत तर बसलोही नव्हतो.

काकांनी कागद बोट ठेवून वाचला. "लॉरीला आमी मागं ज्यास्त भरतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पन ही विलायती. हिचं उलटं असंल." आणि कागद शेठच्या गॅरेजातल्या फळीवर ठोकला.

पहिला महिना काही झालं नाही. शेठ गाडीतून स्टेशनापर्यंत जात आणि परत येत. अंतर पायी दहा मिनिटांचं होतं. मग ते लांब जायला लागले. मुर्धा, राई, मोरवा, उत्तन. उत्तनच्या किनाऱ्यावर शेठ गाडीला टेकून समुद्र पाहत आणि कोळणी वाळत घातलेले बोंबील सोडून गाडी पाहत. त्या रस्त्यावर मुर्धा सुटलं की एक वळण होतं. रस्ता डावीकडे एकदम मोडे, आणि उजव्या हाताला मिठागराचं पाणी थेट कडेला लागलेलं. तिथे गाडी घसरायला लागली.

पहिल्यांदा थोडी. दुसऱ्यांदा बरीच. काका मला एकदा शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "मास्तर, वळनावर ही मागनं आधी वळते. हातात कायच कळत न्हाय. स्टिअरिंग हलकं, एकदम हलकं, आन मंग येकदम मागलं बाजूला आलेलं असतं. पुस्तकात काय लिवलंय का?"

"अजून तिथवर आलो नाही, काका. बघतो."

बघितलं नाही. सहामाही परीक्षेचे पेपर काढायचे होते.

त्याच आठवड्यात मी शिंप्याकडे विजार आणायला गेलो. तो एक पांढरा कोट उसवत बसला होता. पितळी बटणं बाजूला वाटीत.

"हा काकांचा ना?"

"होता. बाही दोन बोटं सोडायचीय. नवा माणूस येतोय सोमवारपासून, दादरचा. लांब हाताचा."

"आणि काका?"

"काकांचं झालं आता. वळणावर गाडी धरवत नाय त्यांना. परवा शेठाणी आत होत्या ना! मुर्ध्याच्या वळणाला गाडी गर्रकन फिरली, जिकडून आली तिकडेच तोंड. शेठाणी उतरल्या त्या चालत घरी आल्या. शेठ बोलले, बास." त्याने दोरा दाताने तोडला. "वय झालं की हात जातात, मास्तर. माझेपण जाणार. तुमचं बरं, तुमचं काम जिभेचं."

मला वाईट वाटलं, पण माझा त्याच्याशी संबंध आहे असं वाटलं नाही. ते दुसऱ्या दिवशी वाटलं.

शुक्रवारी परीक्षेला पर्यवेक्षण होतं. मुलं लिहीत होती. मी टेबलाशी ते माहितीपुस्तक घेऊन बसलो, कारण काकांना 'बघतो' म्हणालो होतो आणि आता ते कुणाच्या उपयोगाचं नाही म्हणून मला उगाच बघावंसं वाटत होतं. शेवटाकडे एक प्रकरण होतं, गाडीच्या स्वभावावर. त्यात लिहिलं होतं की या गाडीचं इंजिन मागे असल्यामुळे वजन मागे आहे, आणि वळणावर हे वजन बाहेर जाऊ पाहतं. म्हणून पुढच्या चाकांत हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे वेग जास्त झालाच तर पुढची चाकं आधी थोडी सरकतात, स्टिअरिंग जड होऊन चालवणाऱ्याला ते हातात कळतं, आणि तो सावध होतो. हवा उलटी भरली तर पुढचं घट्ट धरतं आणि मागचं आधी सुटतं, काही न सांगता. आणि अशा वेळी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तर मागच्या चाकांवरचा भार आणखी हलका होतो आणि गाडी फिरते. सगळ्यात खाली, जाड अक्षरात: तक्त्यातले आकडे कोणत्याही कारणाने बदलू नयेत.

पहिल्या बाकावरच्या मुलीने पुरवणी मागितली. मी तिला दोन दिल्या.

काका घाबरून पाय उचलत असणार. पहिल्यांदा गाडी घसरली ती माझ्या कागदामुळे. दुसऱ्यांदा घसरली ती माझ्या कागदामुळे आणि पहिल्या वेळच्या भीतीमुळे. आणि आता सोमवारी लांब हातांचा एक माणूस तो कोट घालून तीच गाडी त्याच हवेवर त्याच वळणावर नेणार होता.

मी धाडसी माणूस नाही. इंग्रजीच्या पुस्तकातले थोर पुरुषांचे धडे शिकवताना मला नेहमी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आणि काहीच न बोललेल्या लोकांबद्दल आपुलकी वाटते. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी नवा कागद लिहिला, तीच शाई, तसंच ठळक अक्षर. पुढे अठरा, मागे अठ्ठावीस. बेत असा होता: शनिवारी सकाळच्या शाळेनंतर गॅरेजात जायचं, कोणी नसताना कागद बदलायचा. काका त्याप्रमाणे हवा भरतील, गाडी सुधारेल, शेठना दिसेल, सगळं आपोआप जागच्या जागी येईल. यात कायम न झालेल्या मास्तरचं नाव कुठेच येत नव्हतं.

गॅरेजात कोणी नव्हतं. मी जुना कागद काढला, खिशात कोंबला, नवा लावला. खिळे जुन्याच भोकांत बसले. वळलो तर काका दारात, हातात तेलाचा डबा.

"कागद बदलला, मास्तर?"

"खराब झाला होता. तेल लागलं होतं."

"हां."

ते फळीजवळ गेले. बोट ठेवून वाचायला लागले. मी निघून जाऊ शकलो असतो. काका एक एक अक्षर जुळवत वाचत, आणि दोन ओळींना त्यांना जो वेळ लागला त्यात मी परीक्षेतल्या नापास मुलासारखा उभा राहिलो. त्यांचं बोट आकड्यावर थांबलं.

"आदी पुढं अठ्ठावीस हुतं."

मी खिशातला कागद आणखी आत ढकलला.

"मास्तर, आदी पुढं अठ्ठावीस हुतं न्हवं?"

"होतं, काका. ते चुकलं होतं. पुस्तकात बरोबर आहे. मी उलटं लिहिलं."

काकांनी डबा खाली ठेवला. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, तळवे वर, तळवे खाली.

"म्हंजे हात बरं हायत माझं."

"हात उत्तम आहेत तुमचे."

"आवं, मी घरवालीला सांगून बसलोय, हातातलं गेलं म्हनून. भाकरी तोरताना बगती ती माझ्याकडं, थरथरतात का." त्यांचा आवाज चढला. "मी येडा! लॉरीला येवढी वर्सं मागं ज्यास्त भरली. गारी आली त्या दिवशी उचलून बगितली, उलाळ हाय म्हनलं. समदं म्हायती हुतं. आन तुमचा कागद बगून मानलं का मलाच कळत न्हाय!" मग एकदम शांतपणे, "तुमी कदी बसलाव का हिच्यात?"

"नाही."

"मंग लिवलं कशानं?"

याला उत्तर होतं, पण ते छापखान्याच्या चुकांबद्दलचं होतं. मी दिलं नाही.

"शेठला सांगाल का?" काकांनी विचारलं. विनंती नव्हती, धमकीही नव्हती. वजनकाट्यावर गोणी ठेवून बघावं तसं त्यांनी मला बघितलं.

शेठ पेढीवर होते. पितळी तांब्यातून पाणी पीत होते. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी ऐकलं आणि हसले.

"मास्तर, तुमचं मन मोठं. गरीब माणसासाठी अंगावर घेता."

"घेत नाही, शेठ. ते माझंच आहे."

"छे! इंग्रजीचे मास्तर तुम्ही. तुम्ही चुकणार?"

मी पुस्तक उघडून तक्ता दाखवला, शेजारी खिशातला चुरगळलेला कागद ठेवला. आकडे इंग्रजीत असले तरी आकडेच होते. शेठनी दोन्हीकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे माझी बायको त्या कूपेत होती आणि हवा तुमच्या मर्जीची?"

"हो."

"आता ऐका. एक तर तुम्ही काकासाठी खोटं बोलताय, नाहीतर तुम्ही खरंच चुकलात. समितीचा अध्यक्ष म्हणून मला यातलं काय आवडायला पाहिजे, सांगा बरं."

मी चुरगळलेला कागद उचलून परत खिशात ठेवला.

"उद्या सकाळी," शेठ म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे हवा भरा. तेच वळण, तोच वेग. काका चालवेल, तुम्ही बाजूला बसा. मी बाहेरून बघतो. फिरली तर सोमवारी नवा माणूस, आणि तुमचं आपण जूनमध्ये बघू."

रविवारी सकाळी मुर्ध्याच्या वळणावर शेठ खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची शाळेची होती, मुख्याध्यापकांच्या खोलीतली. समितीचे दोन सभासद छत्र्या घेऊन उभे. शाळेचा शिपाई किटलीतून चहा ओतत होता. आणि थोडा बाजूला दादरचा नवा माणूस, खरंच लांब हातांचा, सभ्य आणि अवघडलेला. फीत तेवढी नव्हती.

गॅरेजातून निघण्याआधी काकांनी चारी चाकांवर लोखंडी कांब आपटून आवाज ऐकला होता. पुढची दोन बद्द वाजली, मागची दोन टणक. मग पुन्हा पुढचा बंपर उचलून पाहिला. "अजून हलकी हाय. पुस्तकात काय हाय?"

"सामान पुढे ठेवावं, असं आहे."

"मिठाची गोन सामानच की." आणि त्यांनी दोन भरलेल्या गोण्या पुढच्या झाकणाखाली चढवल्या.

"काका, वळणात पाय उचलायचा नाही. वेग आधीच कमी करायचा. आत शिरल्यावर पाय तसाच."

"आन भ्या वाटलं तं?"

"तरी नाही."

"पुस्तकाला भ्या वाटत न्हाय ना, म्हनून लिवलंय." पण ते मान हलवून आत बसले.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत शिरलो. सीट इतकी खाली होती की रस्ता गुडघ्यांच्या उंचीवर आल्यासारखा वाटला. पहिल्या खेपेला काका सावकाश गेले. वळण आलं, गेलं. मागून शेठचा आवाज, "अशी तर बैलगाडीपण जाते!" समितीचे सभासद हसले.

राईच्या बाजूला जाऊन आम्ही मागे वळलो, पुन्हा मुर्ध्याकडे आलो, पुन्हा वळून तोंड उत्तनकडे केलं. काका थांबले. कपाळाचा घाम पुसला. उजवा पाय पेडलवर ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत निरुपयोगी विचार असावा: तक्ता बरोबर आहे हे मी कशावरून ठरवलं? पुस्तकातल्या दुसऱ्या पानावरून. छापखाना एकच. मी आधी एका पानावर अविश्वास ठेवून एका माणसाला बुडवायला निघालो होतो, आणि आता दुसऱ्या पानावर विश्वास ठेवून त्याच माणसाला पाण्याकडे नेत होतो. दोन्ही वेळा माझ्याकडे कागदच होता.

"काका," मी म्हणालो, "नको असेल तर..."

"बसा गप," काका म्हणाले, आणि गाडी सोडली.

वेगाचा काटा मी पाहिला, मग पाहायचा थांबलो. पाणी उजवीकडून जवळ येत गेलं. मिठाच्या पांढऱ्या राशी, छत्र्या, खुर्ची. काकांनी वळणाच्या आधी वेग उतरवला, पण फार नाही, त्या दिवशी शेठाणी होत्या तितकाच ठेवला असावा, आणि स्टिअरिंग डावीकडे दाबलं. गाडी आत शिरली. मी उजवीकडे, काकांच्या खांद्यावर ढकलला गेलो. त्यांचा पाय मला दिसत होता. बोटं वर उचलली गेली, टाच हलली. आता उचलतात, असं वाटलं. पाय तिथेच राहिला. आणि मग पुढून, माझ्या तळव्यांखालून, खरवडल्यासारखा बारीक आवाज आला. गाडीचं नाक जरासं बाहेर सरकलं. काकांच्या हातांच्या शिरा ताठ झाल्या, स्टिअरिंग जड झालेलं मलासुद्धा दिसलं. त्यांनी ते तसंच धरलं, अगदी किंचित जास्त वळवलं, आणि मागचा भाग निमूट मागे आला. वळण संपलं. रस्ता सरळ झाला.

काका पुढे बराच वेळ थांबले नाहीत. मोरव्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"आता बोलली ती," ते म्हणाले. "हातात बोलली. आदी कायच सांगत न्हवती."

मी रडेन असं मला वाटलं, म्हणून मी समोरच्या झाकणाखाली गोण्या आहेत ना ते बघायला उतरलो. होत्या.

परत आलो तेव्हा शेठ उभे होते. ते काकांना काही बोलले नाहीत. दादरच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, तुम्हाला उगाच त्रास झाला. भाडं घेऊन जा." तो माणूस मात्र काकांजवळ आला, म्हणाला, "काका, त्या वळणावर मी पाय उचलला असता," आणि स्टेशनकडे चालायला लागला.

माझ्याकडे वळून शेठ म्हणाले, "मास्तर, जूनचं बघू." त्यांनी बघितलं. त्या जूनमध्ये नाही, पुढच्याही नाही. मी कायम झालो तो तिसऱ्या वर्षी. तक्रार नाही. शेठाणींना त्या दिवशी किती अंतर चालावं लागलं ते मी मोजून पाहिलं आहे.

सोमवारी काकांना कोट परत मिळाला. बाह्या सोडलेल्या होत्या आणि शिंप्याने पुन्हा दुमडायला आठवडा लावला, त्यामुळे आठवडाभर काका बोटांच्या टोकांपर्यंत पांढऱ्या बाह्या घेऊन गाडी चालवत होते. शेठना ते फार रुबाबदार वाटलं.

मंगळवारी काका शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे राहिले, टोपी हातात. मुलं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं पोलीस.

"मास्तर, जुना कागद द्या."

तो माझ्या खिशातच होता. त्यांनी तो उलगडला, हाताने सारखा केला आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवला. पुढे गॅरेजात गेलो तेव्हा तो नव्या कागदाच्या खाली, त्याच खिळ्यांना लावलेला दिसला, कडा बाहेर राहतील एवढाच.

"बाकीची पानं किती राहिली?" त्या दिवशी जाताना त्यांनी वर्गाच्या दारातूनच विचारलं.

"चाळीसेक."

"रविवारी या. मी चालवीन, तुमी वाचा. मी हां म्हनलं का मंग लिवा."

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी त्या गाडीत घालवले, मांडीवर पुस्तक आणि वही, मुर्धा ते उत्तन आणि परत. मी एक वाक्य वाचत असे, काका ते करून बघत. कधी मान हलवत, कधी "पुन्ना वाचा" म्हणत. एकदा ब्रेकबद्दलच्या एका वाक्यावर ते तीन वेळा थांबले आणि चौथ्या वेळी म्हणाले, "हां, आता लिवा." ती चाळीस पानं शेवटी पुरी झाली. त्यांत मजकूर बरोबर आहे, पण अक्षर फार वाईट आहे, विशेषतः वळणांवरचं.